क्लेश आणि आनंद : ‘स्मृतिचित्रे’मधील ख्रिस्ती श्रद्धेचे रूप

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा गौरव मराठी समीक्षेने प्रामुख्याने त्यातील विनोदासाठी, निर्व्याजपणासाठी आणि घरगुती बोलीसाठी केला. हा गौरव सार्थच आहे. परंतु विनोद हा लेखिकेचा उपजत स्वभावविशेष आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार ही तिच्या चरित्रातील एक घटना, अशी विभागणी त्यामागे बहुधा गृहीत धरलेली असते. क्लेशांकडे पाहण्याची जी दृष्टी लक्ष्मीबाईंना श्रद्धेतून लाभली, तिच्याशी हा विनोद कितपत निगडित आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

क्लेशांतही आनंद मानावा, हा विचार नव्या करारात वारंवार येतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने क्लेशापासून धीर, धीरातून परीक्षेस उतरलेले शील आणि त्यातून आशा असा क्रम मांडला आहे. यांतील तिसऱ्या पायरीसाठी आलेल्या मूळ ग्रीक शब्दात पारखून खरे ठरण्याचा अर्थ आहे. मराठीतील ‘कसाला उतरणे’ हा प्रयोग त्याच्या फार जवळचा. फिलिप्पैकरांस लिहिलेले, आनंदाच्या उल्लेखांनी भरलेले पत्र तर बंदिवासातून लिहिले गेले. येथे क्लेश हे पूर्वकर्माचे फळ नाही, आणि ते स्वतः इष्टही नाही. ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होण्याची वाट म्हणून त्याला मोल येते. आनंद हा दुःख सरल्यावर मिळणारा मोबदला नसून दुःख चालू असतानाच तो असू शकतो, हे या विचाराचे मर्म होय.

मराठी मनाला ही भूमिका सर्वस्वी परकी नव्हती. दुष्काळ व दिवाळे यांनी आपल्याला देवाजवळ आणले असे मानणारे तुकोबा येथे आधीच होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी वारकरी संतांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या अभंगांत आत्मसमर्पणाचा आनंद उत्कटपणे प्रकटतो. मात्र तो प्रकटतो तो उद्गाराच्या रूपाने. त्या आनंदाची किंमत घरात कोणी व कशी मोजली, हे कळण्यासाठी ‘स्मृतिचित्रे’कडेच यावे लागते.

ती किंमत मोठी होती. अपत्यांचे मृत्यू, पतीचा शीघ्रकोप आणि घर रिकामे करणारे त्यांचे औदार्य यांच्या जोडीला धर्मांतराने पतिवियोग आला. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंना आप्तांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या. तो माणसाचा, असे मनाला पटले तेव्हा कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्यांनी केला. १९०० मधील त्यांचा बाप्तिस्मा यानंतरचा आहे. पतीमागून पत्नी गेली, असे या घटनेचे सोपे वर्णन म्हणूनच टिकत नाही. अध्यात्माची परिभाषा जवळजवळ न वापरता एका स्त्रीच्या मनात श्रद्धा कशी रुजली, याचे इतके प्रांजळ चित्रण मराठीत विरळाच.

विनोदाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. लक्ष्मीबाई ज्या सोवळ्यापायी स्वतः पोळल्या, त्याच सोवळ्याच्या आपल्या हट्टाला त्या हसतात. टिळकांच्या विसरभोळेपणाला हसतात, घरातील दारिद्र्यालाही हसतात. त्या हसण्यात कडवटपणा नाही, तसा दुःखाचा नकारही नाही. मागे वळून पाहणाऱ्या निवेदिकेला आपला अहंकार हातातून सुटल्याचे ठाऊक आहे, आणि म्हणूनच स्वतःकडे ती एखाद्या परक्या, काहीशा वेडगळ व्यक्तीकडे पाहावे तशी पाहू शकते. पौलाच्या क्रमातील ‘कसाला उतरणे’ ते हेच. प्रवचनाच्या वाटेने न जाता ते निवेदनाच्या स्वरात उतरले, हे या ग्रंथाचे वाङ्मयीन यश होय.

यावर एक आक्षेप संभवतो. पत्नीला विश्वासात न घेता पतीने केलेल्या निर्णयातून जे क्लेश उद्भवले, त्यांना आध्यात्मिक उन्नतीचे साधन म्हणणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. धर्मोपदेशाच्या वाङ्मयात असे पांघरूण पुष्कळदा घातले जाते. परंतु ‘स्मृतिचित्रे’मध्ये तसे घडत नाही. टिळकांवरील रागाची, भांडणांची, वियोगातील भ्रमिष्टासारख्या अवस्थेची नोंद तेथे नितळपणे आली आहे. आपल्या पदरी आलेले दुःख योग्यच होते, असे लक्ष्मीबाई कोठेही म्हणत नाहीत.

१९१९ मध्ये टिळक निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे आरंभीचे दहाच अध्याय लिहून झाले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांना कधी लाभले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्याच हाताखाली.