तीस मशीन, एक इमेज आणि अडकलेली मोजणी: विंडोजच्या प्रॉडक्ट कीचं दुखणं



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि आपल्याकडे सुपेल्यापासून सेक्टरपर्यंत सगळीकडे एकच धावपळ सुरू झाली. कोणी विंडोज ११ टाकतंय, कोणी जुनी मशीनं काढून नवी लावतंय. आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्यात ती फिकट ओळ उगवते: ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. आज तिच्याबद्दलच बोलू.

इथल्याच एका शिक्षणसंस्थेची गोष्ट सांगतो, नाव नको. तीस मशीनांची लॅब. एका मशीनवर सगळं नीट बसवलं, त्याची इमेज काढली आणि उरलेल्या एकोणतीसवर उतरवली. दोन दिवसांत काम फत्ते! पण एकही मशीन ॲक्टिव्हेट होईना. तीन दिवसांवर मुलांची ऑनलाइन परीक्षा. तेवढ्यात कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन हजर: ‘ही फाइल चालवा, पाच मिनिटांत होतं.’ ते थांबवलं, कारण का हे पुढे कळेलच.

आधी एक लक्षात घ्या. प्रॉडक्ट की म्हणजे लायसन्स नव्हे. की हा पंचवीस अक्षरांचा आकडा, लायसन्स म्हणजे वापरण्याचा हक्क. आणि कीचे प्रकार वेगवेगळे असतात.

पहिला, ओईएम. मशीनसोबत आलेली की. आजकाल ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते आणि त्या मशीनपुरतीच असते. फॉरमॅट मारला तरी सेटअप ती स्वतः वाचतो. म्हणूनच मशीन होम एडिशनचं असेल, तर तुम्ही प्रो बसवायला गेलात तरी सेटअप न विचारता होमच बसवतो.

दुसरा, रिटेल. दुकानातून वेगळी घेतलेली. ती जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येते.

तिसरा, व्हॉल्यूम. संस्थांसाठी. यात पुन्हा दोन जाती. एमएके म्हणजे ठरावीक वेळा चालणारी की. दर वेळी फॉरमॅट मारून नव्याने ॲक्टिव्हेट केलं की एक वापर कमी होतो. केएमएसमध्ये संस्थेचाच एक सर्व्हर बाकीच्यांना ॲक्टिव्हेट करतो. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मशीन नेटवर्कवर असेल तर आपोआप वाढत राहतं. मात्र व्हॉल्यूमचं विंडोज हे अपग्रेड असतं. मशीनवर मुळात पात्र विंडोजचं लायसन्स हवंच, हे खरेदी करतानाच बघा.

आता तपासणी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडा, पुढची तिरकी रेघ द्या आणि लगेच डीएलव्ही. जी खिडकी उघडते तिच्यात एडिशन, कीचा प्रकार आणि कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. निम्मं निदान इथेच होतं. होमची की प्रोवर चालणार नाही, हेही इथेच कळतं.

मग चुकीचा कोड वाचा. शेवटी एफ०५० आलं तर की चुकीची किंवा त्या एडिशनची नाही. सी००३ आलं तर की मायक्रोसॉफ्टने बंद केलेली आहे. स्वस्तात घेतलेल्या कींचं बहुधा हेच होतं. सी०२० म्हणजे एमएकेचे वापर संपले. एफ०७४ म्हणजे केएमएस सर्व्हरशी गाठ पडत नाही. पोर्ट १६८८ आणि डीएनएस बघा. जुन्या मशीनांत घड्याळाचा सेलही बघा. सर्व्हर आणि मशीनच्या वेळेत चार तासांहून जास्त फरक असेल तर केएमएस नकार देतो.

आपल्या लॅबमध्ये कोड होता एफ०३८: मोजणी अपुरी. केएमएसला विंडोजची किमान पंचवीस मशीनं दिसावी लागतात, त्याआधी तो कोणालाच ॲक्टिव्हेट करत नाही. इथे तीस होती, मग अडलं कुठे? सर्व्हरवर डीएलव्ही चालवलं तर मोजणी फक्त एक! इमेज काढण्याआधी सिसप्रेपचा ‘जनरलाइझ’ केलाच नव्हता. त्यामुळे तीसही मशीनांची ओळख एकच. सर्व्हरला वाटत होतं, एकच मशीन तीस वेळा दार वाजवतंय.

उपाय साधा. प्रत्येक मशीनवर एसएलएमजीआरपुढे तिरकी रेघ आणि रीआर्म. मशीन रीस्टार्ट करा, मग तिरकी रेघ आणि एटीओ. ओळख नवी झाली आणि मोजणी चढू लागली. पंचविसावं मशीन लागलं तसं ते ॲक्टिव्हेट झालं. आधीची चोवीस मशीनं दर दोन तासांनी आपोआप विचारतात, तीही मागोमाग लागली. रीआर्म मोजक्याच वेळा करता येतं, म्हणून पुढच्या वेळी इमेजच नीट काढा.

घरच्यांसाठी एक सूचना. मदरबोर्ड बदलणार असाल आणि विंडोज रिटेलचं असेल, तर आधी डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवा. नंतर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये जाऊन ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडा.

आणि तो पेन ड्राइव्ह? असल्या फाइली चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या लॅबमध्ये मुलं आपले पासवर्ड टाकणार, तिचं दार आपणच उघडं टाकायचं? परीक्षा वेळेवर झाली, तीसही मशीनांवर, आणि कोपऱ्यातली ती ओळ कुठेच नव्हती.

मशीनला हात लावण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: एडिशन, कीचा प्रकार आणि बिल कुठे ठेवलंय ते. भेटू पुढच्या भागात.