संगणकाचे सामान आणि जकातीचे पुस्तक

जकात म्हटली की पुष्कळांना शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो. गाडी थांबवायची, माल दाखवायचा, पावती फाडायची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यातले उरलेसुरले नाकेही उठले. पण परदेशातून येणाऱ्या मालावरची जकात, जिला सरकारी भाषेत सीमाशुल्क म्हणतात, ती आहेच. ती समुद्रकाठच्या व्यापाऱ्यांची बाब, आपल्याला तिच्याशी काय करायचे, असे मात्र समजू नका. गावच्या शाळेत लोकवर्गणीतून संगणक येतो. त्याचा माउस, हेडफोन, केबल यांतले पुष्कळसे सामान परदेशातले असते आणि त्याची जकात शेवटी वर्गणीच्याच पैशातून जाते.

नागपूरला समुद्र नाही, तरी बंदर आहे! त्याला कोरडे बंदर म्हणतात. अजनीच्या कंटेनर डेपोमुळे ही गोष्ट नागपूरकरांच्या परिचयाची झाली. न्हावा-शेवा बंदरात उतरलेली पेटी तिथे न उघडता, मोहोरबंद स्थितीत, रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर इकडे आणता येते. कागदपत्रे आणि मालाची तपासणी मग इथे होते.

आता जकात किती, हे ठरते कसे? त्यासाठी १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा आहे. त्याला जोडलेल्या मोठ्या यादीत प्रत्येक वस्तूला आठ आकडी क्रमांक दिला आहे. की-बोर्डचा क्रमांक घ्या: ८४७१ ६० ४०. पत्ता वाचावा तसा तो वाचा. ८४ हा जिल्हा, म्हणजे यंत्रांचे प्रकरण. ७१ हा तालुका, म्हणजे संगणक व त्याचे घटक. ६० हे गाव, म्हणजे संगणकाला माहिती देणारी-घेणारी साधने. आणि ४० हे घर, म्हणजे की-बोर्ड. पहिले सहा आकडे जगभर सारखे चालतात. ही पद्धत १९८८ पासून लागू आहे. शेवटचे दोन आकडे आपल्या देशाचे.

इथे एक चूक सहज होते. संगणकाला जोडले ते सारे संगणकाचेच सामान, असे आपण म्हणतो. दुकानात ते एकाच फळीवर असते हेही खरे. पण शिक्षक बंधुभगिनी मुलांना काय शिकवतात? वटवाघूळ उडते, म्हणून ते पक्षी ठरत नाही. जकातीच्या पुस्तकाचेही तसेच आहे. वस्तू कुठे विकली जाते यावर नव्हे, तर ती मुळात काय आहे आणि पुस्तकातले शब्द व टिपा काय म्हणतात, यावर तिचे घर ठरते.

म्हणून माउस आणि की-बोर्ड ८४७१ मध्ये राहतात. मदरबोर्ड हा संगणकाचाच भाग, तो ८४७३ मध्ये जातो. वेगळा आणलेला प्रिंटर ८४४३ मध्ये, हेडफोन व स्पीकर ८५१८ मध्ये, पेन ड्राइव्ह ८५२३ मध्ये, टोके बसवलेली केबल ८५४४ मध्ये. आणि लॅपटॉपची पिशवी? ती यंत्रांच्या जिल्ह्यातच नाही. तिचे घर ४२०२, पेट्या आणि पिशव्यांच्या शेजारी.

या घर बदलण्याला पैशाचा अर्थ आहे. १९९६ साली सिंगापूरला माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरचा एक जागतिक करार झाला. १९९७ मध्ये भारत त्यात आला आणि संगणक, की-बोर्ड, माउस अशा वस्तूंवरचे मूळ सीमाशुल्क पुढे शून्यावर आले. पिशवीला ही सवलत नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. समजा, माल १०,००० रुपयांचा आहे. मूळ शुल्क शून्य असेल, तर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे १,८०० रुपये. तेच मूळ शुल्क १० टक्के धरा. १,००० रुपये शुल्क, त्यावर दहा टक्के अधिभार १०० रुपये, आणि ११,१०० वर १८ टक्के म्हणजे १,९९८. एकूण ३,०९८ रुपये. फरक १,२९८ रुपयांचा! व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कराची वजावट मिळू शकते. शाळेला ती मिळत नाही. मूळ शुल्क तर किमतीतच मुरते.

पुस्तकातल्या एका शब्दावरून वाद कुठवर जातो, तेही पाहा. पडदा आणि यंत्र एकाच अंगात असलेले मेजावरचे संगणक ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने न्हावा-शेवा बंदरात आणले. खाते म्हणाले, यांचे वजन दहा किलोच्या आत आहे, म्हणजे हे 'पोर्टेबल'. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०२३ रोजी ते मान्य केले नाही. वजन कमी आहे एवढ्याने भागत नाही. वस्तू सहज नेता आली पाहिजे आणि बाहेरच्या विजेवाचूनही चालली पाहिजे. हे संगणक तर सतत विजेला जोडून ठेवावे लागतात. कोणीही बदलू शकेल अशा विकिपीडियासारख्या साधनांवर विसंबून निर्णय करू नये, असेही न्यायालयाने बजावले. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

२०११ पासून हा क्रमांक आयात करणाऱ्याने स्वतः लिहायचा असतो. अधिकाऱ्याला तो पटला नाही, तर दुसरा क्रमांक का लागतो हे खात्याने दाखवून द्यायचे. निकाल मान्य नसेल, तर साठ दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येते. माल आणण्यापूर्वीच शंका असेल, तर मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाला विचारून घ्यावे. मात्र जाणूनबुजून खोटा क्रमांक लिहिला, तर पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुली होते, वर दंड.

आणि आपण काय करावे? शाळेसाठी सामान घ्याल तेव्हा पक्की पावती मागा. तिच्यावर 'एचएसएन' या अक्षरांखाली चार, सहा किंवा आठ आकडे असतात. ते याच यादीतले असतात. प्रत्येक वस्तू वेगळी लिहिली आहे ना, आणि सगळ्यांना सरसकट एकच आकडा तर लावला नाही ना, एवढे पाहा. तसे दिसले, तर दुकानदाराला शांतपणे विचारा. पैसा गावाचा आहे. त्याचा हिशेब मागण्याचा हक्कही गावाचाच आहे.