तारेचा कानोसा

घरातली विजेची तार ओढली ती दिव्यासाठी. तिच्यावरून इंटरनेटचा निरोप धाडावा, तर मिक्सर आणि मोबाइलचा चार्जर यांचा गोंगाट तो गिळून टाकतो. मग आवाज चढवावा काय? चढवला तर शेजाऱ्याचा रेडिओ खरखरू लागेल! २००५ सालच्या ‘होमप्लग एव्ही’ पद्धतीने निराळी वाट धरली. आधी तारेचा कानोसा घ्यायचा, मग निरोप शेकडो बारीक लहरींत वाटायचा. जी लहर निवांत तिच्यावर भार अधिक, गोंगाटातलीवर थोडा किंवा मुळीच नाही. आपल्या विजेच्या, सेकंदाला ५० आवर्तनांच्या, तालावर गोंगाट बदलतो. वाटणीही त्याच तालावर बदलते. हौशी रेडिओवाल्यांचे पट्टे मोकळे सोडतात. आपण एवढेच करावे: यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटात लावावे आणि चार्जर दूर ठेवावा.