अमेरिकेतील महाविद्यालयीन जलतरण-स्पर्धा : नियम आणि प्रयोग

अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडाजीवनाची चर्चा निघाली की फुटबॉल व बास्केटबॉल या दोन खेळांची नावे प्रथम पुढे येतात. पैसा आणि प्रेक्षक यांच्या दृष्टीने पाहता ते योग्यही आहे. परंतु एखाद्या खेळाचे तंत्र विद्यापीठाच्या आवारात घडले आणि मग साऱ्या जगाने ते उचलले, असे उदाहरण हवे असल्यास पुरुषांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन जलतरण व सूर स्पर्धेकडे वळावे लागते. ही स्पर्धा भरविणारी एनसीएए ही संघटना १९०६ मध्ये निराळ्या नावाने स्थापन झाली व १९१० मध्ये तिने सध्याचे नाव घेतले. जलतरणाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९२४ साली अ‍ॅनापोलिस येथील नौदल अकादमीत झाली. आरंभीची काही वर्षे वैयक्तिक विजेत्यांचीच काय ती अधिकृत नोंद होई. सांघिक विजेतेपद अधिकृत झाले ते १९३७ पासून, आणि ते पहिले पद मिशिगन विद्यापीठाने मिळविले. तेव्हापासूनच्या विजेत्यांची यादी कोणत्याही वार्षिकात सापडेल. नियम काय बोलतो आणि कशाविषयी गप्प राहतो, यावर या स्पर्धेचा इतिहास किती अवलंबून आहे, हे मात्र त्या यादीवरून कळावयाचे नाही.

प्रथम तलावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही स्पर्धा पंचवीस यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरांच्या तलावात होते. ऑलिंपिकचा तलाव पन्नास मीटरांचा असतो. या एका गोष्टीतून पुष्कळ गोष्टी निष्पन्न होतात. दोनशे मीटरांच्या ऑलिंपिक शर्यतीत पोहणारा तीन वेळा वळतो, तर दोनशे यार्डांच्या महाविद्यालयीन शर्यतीत सात वेळा. प्रत्येक वळणावर भिंतीला पाय लावून जो जोर मिळतो, तो हाताने पाणी ओढून मिळणाऱ्या वेगापेक्षा अधिक असतो. साहजिकच अमेरिकन विद्यार्थ्याचे लक्ष भिंतीवर आणि भिंतीनंतरच्या काही यार्डांवर खिळले. अंतरांचेही असेच आहे. जुन्या काळी प्रचलित असलेली २२० व ४४० यार्डांची अंतरे पंचवीसने निःशेष भागली जात नाहीत. शर्यत तलावाच्या मध्येच कोठेतरी संपावयाची. पुढे त्यांची जागा २०० व ५०० यार्डांनी घेतली, आणि पंधराशे मीटरांच्या जोडीला १६५० यार्डांची, म्हणजे सहासष्ट फेऱ्यांची, शर्यत आली. १९५७ नंतर अशा आखूड तलावातील वेळेस जागतिक विक्रमांच्या यादीत स्थान उरले नाही. तरीही अमेरिकन महाविद्यालयांनी यार्ड सोडला नाही.

आता नियमांकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रेस्टस्ट्रोक या प्रकाराची व्याख्या अशी होती की, छाती पाण्याकडे असावी, दोन्ही हात एकाच वेळी पुढे जावेत व एकाच वेळी मागे यावेत आणि पायांची हालचालही दोन्ही बाजूंस सारखी असावी. हात पुढे नेताना ते पाण्याखालूनच नेले पाहिजेत, असे मात्र नियमात कोठेही म्हटलेले नव्हते. तसे कोणी करील असे नियम लिहिणाऱ्यांच्या मनातही आले नसावे. १९३० नंतरच्या दशकात काही पोहणाऱ्यांनी नेमके तेच केले. हेन्री मायर्स याने १९३३ मध्ये ब्रुकलिन येथील शर्यतीत हात पाण्यावरून पुढे टाकले. त्याच सुमारास आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर हे याच हालचालीचा पद्धतशीर अभ्यास करीत होते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पाण्याखालून पुढे नेताना शरीराचा वेग मोडतो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १९३५ मध्ये त्यांचा विद्यार्थी जॅक सीग याने दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीप्रमाणे वरखाली मारून पाहिले. या दोन हालचालींच्या संयोगातून आजचा बटरफ्लाय निर्माण झाला.

परंतु येथे एक चमत्कारिक अवस्था उत्पन्न झाली. हात पाण्यावरून नेणे नियमास धरून होते, कारण नियम त्याविषयी मूक होता. पाय वरखाली मारणे नियमबाह्य होते, कारण पायांविषयी नियम बोलत होता. त्यामुळे पुढील सुमारे सतरा वर्षे हात बटरफ्लायचे व पाय ब्रेस्टस्ट्रोकचे, असा एक संकर शर्यतींत वावरत राहिला, आणि तो शुद्ध ब्रेस्टस्ट्रोकपेक्षा वेगवान असल्यामुळे मूळ प्रकार मागे पडू लागला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत बहुतेकांनी पाण्यावरून हात टाकले. ती शर्यत जिंकणारा जॉन डेव्हिस हा ऑस्ट्रेलियन तरुण मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी होता. (हाच डेव्हिस पुढे अमेरिकेत संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश झाला. नियमाच्या शब्दार्थाचा लाभ घेऊन सुवर्णपदक मिळविणाऱ्यास हा व्यवसाय शोभून दिसतो.) त्या ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने दोन्ही प्रकार विभक्त केले व बटरफ्लायला पायांची मोकळीक दिली. १९५६ मध्ये मेलबर्न येथे बटरफ्लायची पहिली ऑलिंपिक शर्यत झाली, तेव्हा ती मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड महाविद्यालयाचा पदवीधर बिल यॉर्झिक याने जिंकली. त्याच मेलबर्नला जपानच्या मासारू फुरुकावाने ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत बरीचशी पाण्याखालून पोहून जिंकली, आणि नियमकर्त्यांस पुन्हा लेखणी उचलावी लागली.

भाषेच्या अभ्यासकास यात परिचित असे काही दिसेल. एकाच संज्ञेखाली दोन रूपे नांदत असतात, त्यांतील भेद पुढे अर्थभेदक ठरतो आणि मग एका कोटीच्या दोन कोटी होतात. याहून मनोरंजक उदाहरण फ्रीस्टाइलचे आहे. ही संज्ञा कोणत्याही विशिष्ट हालचालीची वाचक नाही. नावाप्रमाणे ती मोकळीक आहे. परंतु चारही प्रकारांच्या मिश्र शर्यतीत फ्रीस्टाइलचा अर्थ ‘बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय यांवाचून अन्य कोणताही प्रकार’ असा होतो. म्हणजे १९५२ मध्ये बटरफ्लाय वेगळा निघाला तेव्हा त्याच्याबरोबर फ्रीस्टाइलचा अर्थही, एक अक्षर न बदलता, संकोच पावला.

युद्धकाळात व त्यानंतर या स्पर्धेवर ओहायो स्टेट विद्यापीठाचे वर्चस्व होते. प्रशिक्षक माइक पेप्पी यांच्या संघाने १९४३ ते १९६२ या काळात अकरा वेळा विजेतेपद मिळविले. त्यामागे दोन कारणे होती, आणि त्यांतील पहिले ओहायोपासून हजारो मैल दूर होते. हवाई बेटांतील माउई येथे उसाच्या मळ्यांना पाणी पुरविणाऱ्या पाटांत मळेकामगारांची मुले डुंबत असत. सोइची साकामोटो या शाळामास्तरांनी १९३७ मध्ये त्या मुलांना तीन वर्षांत ऑलिंपिकपर्यंत नेण्याचा संकल्प सोडला. वाहत्या पाटात ती मुले प्रवाहाच्या विरुद्ध पोहत. १९४० चे ऑलिंपिक महायुद्धामुळे झालेच नाही. पण त्या पाटातला किओ नाकामा ओहायो स्टेटला आला व राष्ट्रीय विजेता झाला. अमेरिका जपानशी लढत असता जपानी वंशाचा हा विद्यार्थी अमेरिकन महाविद्यालयांचा विजेता ठरत होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या मागोमाग हवाईहून बिल स्मिथ आला, पुढे फोर्ड कोनो व योशी ओयाकावा आले. १९५२ मध्ये या शेवटच्या दोघांनीही ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली.

दुसरे कारण म्हणजे सूर मारणारे खेळाडू. या स्पर्धेत पोहण्याचे व सूर मारण्याचे गुण एकत्र धरले जातात. त्यामुळे पाण्यात बरोबरीचा असलेला संघ फळीवर पुढे निघून जाऊ शकतो, हे पेप्पी यांनी इतरांच्या आधी ओळखले होते. त्यांचा शिष्य ब्रूस हार्लन १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये तीन मीटरच्या फळीवरून पहिला आला आणि दुसरा आला तोही ओहायो स्टेटचाच मिलर अँडरसन. अँडरसन महायुद्धात वैमानिक होता. विमानातून उडी टाकताना त्याचा पाय निकामी होण्याच्या बेतास आला होता; मांडीत धातूची पट्टी बसविल्यानंतर तो सूर मारण्यास नव्याने शिकला.

येल विद्यापीठाचे रॉबर्ट किफुथ यांचा उल्लेख ओघाने केला पाहिजे. दोन संघांमधील सामन्यांत त्यांच्या नावावर ५२८ विजय व अवघे १२ पराभव आहेत. राष्ट्रीय विजेतेपदे मात्र चारच, आणि त्यांतील अखेरचे १९५३ चे. क्रीडानैपुण्याबद्दल शिष्यवृत्ती न देणाऱ्या जुन्या विद्यापीठांचा काळ तेथे संपला.

यानंतरचा अध्याय इंडियाना विद्यापीठाचा होय, आणि त्याचा आरंभ एका अन्यायाने होतो. १९६० मध्ये त्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने खेळाडू मिळविताना नियमभंग केल्यावरून एनसीएएने विद्यापीठाच्या सर्वच खेळांवर चार वर्षे राष्ट्रीय स्पर्धांची बंदी घातली. जेम्स कौन्सिलमन यांचा जलतरण-संघ त्या वेळी देशातील सर्वोत्तम संघांत गणला जात होता. माइक ट्रॉय हा १९६० चा ऑलिंपिक विजेता व ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जागतिक विक्रम करणारा चेट जास्ट्रेम्स्की याच संघात होते. दुसऱ्यांच्या अपराधाबद्दल या मुलांची महाविद्यालयीन वर्षे वाया गेली, आणि विजेत्यांच्या यादीत त्या रिकाम्या जागेची कसलीही खूण नाही. कौन्सिलमन यांनी तो काळ प्रयोगात घालविला. पोहणाऱ्यांची पाण्याखालून चित्रफीत घेऊन त्यांनी असे दाखविले की, उत्तम जलतरणपटूचा हात पाण्यात सरळ मागे येत नसून वक्र मार्गाने फिरतो. त्यांचा पोहण्याच्या शास्त्रावरील ग्रंथ १९६८ मध्ये निघाला. त्याच वर्षापासून १९७३ पर्यंत इंडियानाने ओळीने सहा विजेतेपदे घेतली. मार्क स्पिट्झ याच संघातला.

नियमाच्या मौनाचा लाभ घेण्याची परंपरा मात्र बटरफ्लायपाशी थांबली नाही. १९८० नंतरच्या दशकात हार्वर्डचा डेव्हिड बर्कॉफ याने असे ताडले की, पाठीवर असताना पाण्याखालून दोन्ही पाय जुळवून मारणे हे पृष्ठभागावर हात मारण्यापेक्षा वेगवान आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीचा पहिला मोठा भाग त्याने पाण्याखालीच काढला व प्राथमिक फेरीत जागतिक विक्रम केला. अंतिम शर्यत मात्र तीच युक्ती वापरणाऱ्या जपानच्या दाइची सुझुकीने जिंकली. लगोलग मर्यादा आली. ती आज पंधरा मीटरांची आहे. पन्नास मीटरांच्या तलावात हा तीस टक्के भाग होतो, पंचवीस यार्डांच्या तलावात सुमारे दोन-तृतीयांश. एकच नियम दोन तलावांत दोन निराळे खेळ निर्माण करतो. महाविद्यालयीन विजेता हा अर्धाअधिक पाण्याखाली पोहणारा असतो, या टीकेत तथ्य आहे. पण आज ऑलिंपिक विजेतेही वळणानंतर जे करतात ते याच आखूड तलावांत मुरलेले आहे, हेही तितकेच खरे.

यार्ड सोडण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. २००० व २००४ या दोन ऑलिंपिक वर्षांत ही स्पर्धा पंचवीस मीटरांच्या तलावात घेण्यात आली, आणि दोन्ही वेळा पुढील वर्षी ती यार्डांवर परतली. जुन्या मापाचा एक लाभ निःसंशय आहे : पिढ्यांची तुलना करता येते. येलच्या अ‍ॅलन फोर्डने १९४४ मध्ये शंभर यार्ड ४९.७ सेकंदांत पोहून प्रथमच पन्नास सेकंदांची मर्यादा ओलांडली. चाळीस सेकंदांची मर्यादा ओलांडण्यास २०१८ साल उजाडावे लागले. मिनिआपोलिस येथील राष्ट्रीय स्पर्धेत फ्लॉरिडाच्या केलेब ड्रेसलने ३९.९० सेकंदांची नोंद केली. दहा सेकंदांस चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

अलीकडील काळात टेक्सस विद्यापीठ अग्रभागी आहे. एडी रीस यांच्या हाताखाली त्या संघाने १९८१ ते २०२१ या काळात पंधरा विजेतेपदे मिळविली. २०२० ची स्पर्धा साथीमुळे रद्द झाली. २०२४ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटने प्रथमच विजेतेपद घेतले. फ्रान्सचा लिआँ मार्शां तेथे शिकत होता, आणि त्याच वर्षी पॅरिसला त्याने चार वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यानंतर टेक्ससला गेले आणि २०२५ चे विजेतेपद टेक्ससला गेले.

परंतु या यशाबरोबर दुसरी एक यादी वाढत आहे, ती बंद झालेल्या संघांची. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ १९८२ चे विजेते; त्यांचा पुरुष संघ १९९४ मध्ये बंद झाला. याचे खापर स्त्रियांना शिक्षणसंस्थांत समान संधी देणाऱ्या १९७२ च्या कायद्यावर फोडण्याची प्रथा आहे. त्या कायद्याने संधी समान मागितली. पुरुषांच्या वाट्यातील किती भाग कोणत्या खेळास द्यावा, हे त्याने सांगितले नव्हते. एका बड्या फुटबॉल संघास पंच्याऐंशी शिष्यवृत्त्या आणि पुरुषांच्या जलतरण-संघास ९.९, ही विभागणी पुष्कळ वर्षे चालली; ती ९.९ पंचवीस-तीस मुलांत वाटली जाई. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, तीत सामील झालेल्या विद्यापीठांपुरती शिष्यवृत्त्यांची ही मर्यादा गेली व तिच्या जागी संघातील माणसांची मर्यादा आली. पुरुषांच्या जलतरणात ती तीस आहे. टेक्सस व फ्लॉरिडा ज्या गटात आहेत त्या गटाने ती आपणहून बावीसवर आणली. शिष्यवृत्तीवाचून, केवळ हौसेने संघात शिरणाऱ्या विद्यार्थ्याची जागा प्रथम जाते.

२०१५ ची राष्ट्रीय स्पर्धा आयोवा सिटी येथे, आयोवा विद्यापीठाच्या तलावात झाली. आर्मब्रस्टर व सीग यांनी याच विद्यापीठात बटरफ्लाय घडविला होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाने आर्थिक कारण देऊन चार संघ बंद करण्याचे जाहीर केले; त्यांत स्त्रियांचा व पुरुषांचा असे दोन्ही जलतरण-संघ होते. विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या आणि त्यांचा संघ परत आला. पुरुषांचा आला नाही.