समुद्रबदकाचं हिवाळी बिऱ्हाड

दिवाळी झाली, हवेत गारवा आला, की माळ्यावरच्या रजया आणि गोधड्या खाली उतरतात. दोन दिवस त्यांना ऊन दाखवायचं, झटकायचं, की मग संक्रांतीपर्यंत त्यांच्याशिवाय रात्र सरत नाही. आपल्या रजईत कापूस असतो. जगातल्या सगळ्यात महागड्या रजयांमध्ये मात्र ‘आयडर’ नावाच्या समुद्रबदकाची पिसं असतात. पिसं तरी कसली, उन्हाळ्यात हवेत म्हाताऱ्या उडतात ना, तशी हलकी लव असते ती! मादी स्वतःच्या पोटावरची ही लव उपसून काढते आणि घरट्यात अंड्यांभोवती पसरते. अंडी उबवायचे जवळजवळ पंचवीस दिवस ती घरटं क्वचितच सोडते, खाणंपिणं तर नावालाच. वजन उतरतं, पण बसून राहते.

पिल्लांसाठी अंगावरची ऊब काढून देणारी ही आई स्वतः कडाक्याचा हिवाळा कुठे काढत असेल? हा प्रश्न मला पडला. उत्तर शोधताना सातासमुद्रापलीकडच्या एका छोट्या गावाची गोष्ट हाती लागली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

थंडीतले पाहुणे पक्षी आपल्याला नवे नाहीत. जायकवाडीच्या पाण्यावर चक्रवाक उतरतात, उजनीला तर पक्षी पाहायला सहली जातात. उत्तरेकडचे तलाव गोठले, की ही मंडळी हजारो मैल उडून आपल्याकडे येतात. आयडर मात्र आपल्या किनाऱ्यावर येत नाही. ते थंड समुद्राचं पाखरू. त्यातही कॅनडातल्या हडसनच्या उपसागरातलं आयडर फारच वेगळं. थंडी पडली म्हणून ते उपसागर सोडून जात नाही. माहेर आणि सासर एकाच गावात असावं, तसं त्याचं सगळं आयुष्य तिथेच जातं.

या उपसागराच्या आग्नेय भागात बेल्चर नावाची लहानमोठी दीड हजाराच्या आसपास बेटं आहेत. माणसांची कायमची वस्ती एकाच ठिकाणी, सानिकिलुआक या गावात. लोकसंख्या सुमारे हजार, जवळजवळ सगळे इन्युइट समाजाचे. हिवाळ्यात इथला पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि समुद्र गोठून पांढरं माळरान होतो. मग पाण्यावर जगणारं बदक राहतं कुठे?

तर बर्फातल्या झरोक्यांत! दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीतून भरती-ओहोटीचं पाणी इतक्या जोरात वाहतं, की तेवढी जागा गोठतच नाही. चहूकडे बर्फ आणि मधे उघडं काळं पाणी. अशा जागेला ‘पॉलिनिया’ म्हणतात, शब्द मूळचा रशियन. काही पॉलिनिया तळ्याएवढे, काही जुन्या वाड्याच्या चौकाएवढे. त्या चौकात शेकडो बदकं दाटीवाटीनं हिवाळा काढतात. किनाऱ्याच्या बर्फापलीकडे वाऱ्यानं उघडणाऱ्या भेगांमध्येही त्यांचे थवे असतात.

खाणं समुद्राच्या तळाशी. शिंपल्यांतले कालव आणि काटेरी समुद्री साळू. दात नाहीत, त्यामुळे टरफलासकट गिळायचं आणि पोटातल्या पेषणीत भरडायचं. पण प्रवाह फार जोरात असला, की बुडी मारण्यातच सगळी ताकद जाते. म्हणून ती वाट बघतात. भरती-ओहोटीच्या मधल्या काळात पाणी जरा संथ झालं, की पटापट बुड्या मारून पोट भरून घेतात. पुन्हा प्रवाह वाढला, की बर्फाच्या काठावर चोच पिसांत खुपसून गप्प बसतात. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या गावातल्या बायांना हे वेळापत्रक वेगळं समजावून सांगायला नको! आणि या झरोक्यात हिवाळाभर जे पोटात जातं, त्याच्याच जोरावर मादी उन्हाळ्यात पंचवीस दिवस घरट्यात बसू शकते. म्हणजे तिचं बाळंतपण कसं होणार, हे आधीच्या हिवाळ्यात ठरतं.

सानिकिलुआकच्या बायकांचं या बदकाशी जुनं नातं. इतर इन्युइट लोक कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे गरम कपडे वापरत. बेल्चर बेटांवरचे कॅरिबू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीसे झाले. मग इथल्या बायकांनी आयडरच्या पिसांसकट कातड्याचे अंगरखे शिवायला सुरुवात केली. कातडं चरबी काढून साफ करायचं, मऊ करायचं आणि एकेक तुकडा जोडत जायचं. आपली वाकळ शिवण्याइतकंच चिकाटीचं काम. खायला मांस, घालायला कपडे आणि अंथरुणाला लव, सगळं या एका पाखराच्या आधारानं. त्यामुळे कुठल्या महिन्यात कुठे किती बदकं बसतात, हे त्या गावाला तोंडपाठ.

म्हणूनच १९९१-९२ च्या हिवाळ्यात काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा या लोकांच्या लक्षात आलं. नेहमी उघडे राहणारे झरोके त्या वर्षी गोठले. उडून दुसरीकडे जावं, तर जवळपास उघडं पाणीच नाही. बदकं मोठ्या संख्येनं उपाशी आणि गोठून मेली. गावकऱ्यांनी कॅनडाच्या वन्यजीव खात्याला हे कळवलं, बदकं कमी झाली आहेत, बघा, म्हणून सांगितलं. शास्त्रज्ञांनी १९९७ साली बेटांवर घरटी मोजली. ऐंशीच्या दशकात जिथे मोजणी झाली होती, त्याच जागी. घरट्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी घटलेली निघाली. चारातली तीन घरटी नाहीशी! गाव म्हणत होतं ते खरं ठरलं.

असं का झालं? तो हिवाळा विलक्षण कडक होता. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा जून १९९१ मध्ये मोठा स्फोट झाला होता आणि त्यानं पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान खाली आणलं होतं. पण सानिकिलुआकचे लोक आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवतात. शेजारच्या क्वेबेक प्रांतात जेम्सच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांवर सत्तरच्या दशकापासून वीजनिर्मितीसाठी प्रचंड धरणं बांधली गेली. निसर्गात या नद्या हिवाळ्यात क्षीण असतात आणि वसंतात बर्फ वितळल्यावर दुथडी भरतात. आता उलटं झालं. घरं गरम ठेवायला वीज हिवाळ्यात जास्त लागते, म्हणून साठवलेलं पाणी ऐन हिवाळ्यात सोडलं जातं. गोडं पाणी शून्य अंशाला गोठतं, तर समुद्राचं खारट पाणी उणे १.८ च्या आसपास. समुद्रात गोडं पाणी मिसळलं, की बर्फ लवकर धरतो. बर्फ बदलला, प्रवाह बदलले, असं तिथली जुनीजाणती माणसं वर्षानुवर्षं सांगत आली. इन्युइट आणि क्री समाजाच्या अशा निरीक्षणांचं ‘व्हॉइसेस फ्रॉम द बे’ हे पुस्तक १९९७ सालीच निघालं.

शहरातल्या एका घरात दिव्याचं बटण दाबलं जातं आणि त्याचा धागा कुठल्या कुठे, बर्फातल्या चौकभर पाण्यापर्यंत पोचतो. वीज कोणाला नको असते? मलाही हवी. पण तिची किंमत बिलावर छापलेल्या आकड्याएवढीच नसते, एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं.

गाव मात्र हात बांधून बसलं नाही. या बदकांचा अभ्यास करायला आलेले जोएल हीथ गावकऱ्यांबरोबर हिवाळे काढत राहिले. दोघांनी मिळून केलेला ‘पीपल ऑफ अ फेदर’ हा चित्रपट २०११ मध्ये आला. बर्फाखाली बुड्या मारणारी आयडर त्यात दिसतात. त्याच वर्षी ‘आर्क्टिक आयडर सोसायटी’ ही संस्था उभी राहिली. शिकारीला जाणारी माणसं आणि शाळेतली मुलं आता पाण्याचा खारेपणा आणि बर्फाची जाडी मोजायला शिकतात. २०१९ मध्ये संस्थेनं ‘सिकू’ नावाचं मोबाइल अ‍ॅप सुरू केलं. सिकू म्हणजे इन्युइट भाषेत समुद्रावरचा बर्फ. बर्फावर निघालेला माणूस काय पाहिलं, कुठे पाहिलं, ते फोटोसकट त्यात आपल्या भाषेत नोंदवतो. आजीआजोबांच्या तोंडी असलेलं ज्ञान असं तारीखवार कागदावर यायला लागलं.

मैत्रिणींनो, मला या गोष्टीत सगळ्यात भावलं ते हेच. बचत गटाच्या कामानं खेडोपाडी जाते तेव्हा बाया सहज बोलून जातात, ‘ताई, विहिरीच्या पाण्याची चव बदलली’, ‘ओढ्याकाठचे बगळे दोन वर्षं झाली दिसत नाहीत’. एखादीनं हे बैठकीत सांगितलं, की समोरून प्रश्न येतो, ‘पुरावा काय?’ आणि ती बिचारी गप्प बसते. रोज पाणी भरणारीपेक्षा त्या पाण्याचं जास्त कोणाला कळणार? पण सांगितलेलं हवेत विरतं आणि लिहिलेलं राहतं, हे सानिकिलुआकनं ओळखलं.

किराण्याचा हिशेब आपण ठेवतोच. त्याच वहीचं शेवटचं पान या हिशेबाला द्यायला काय हरकत आहे? विहिरीचं पाणी कधी आटलं, परसातल्या झाडावर कोणतं पाखरू कधी आलं आणि कधी आलं नाही, ते तारीख घालून लिहायचं. यंदा रजयांना ऊन दाखवाल, तेव्हा पहिली नोंद करा. थंडी कोणत्या तारखेला पडली, तेवढी जरी लिहिली तरी सुरुवात झाली.