चालतंय तोवरच ठरवायचं: धंद्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरचा आढावा

२०२५च्या लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. आडत दुकानं, पतसंस्था, औषधांचे घाऊक विक्रेते, छोटे कारखाने, सगळीकडे दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी बिलं निघाली आणि रोजमेळही जुळला. जुन्या सॉफ्टवेअरचं दुखणं हे असंच असतं. प्रोग्राम जागच्या जागी राहतो आणि कायदा, यंत्रं, माणसं पुढे सरकतात. अंतर इतकं सावकाश वाढतं की मालकाच्या ते लक्षातच येत नाही. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे वाक्य म्हणूनच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. या वाक्यातलं शहाणपण कुठे संपतं आणि धोका कुठे सुरू होतो, हे नीट पाहायला हवं.

या प्रोग्रामांचं मोल

१९८५ ते २००५ या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक पोचला तो हिशेबासाठी. डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो आणि पुढे व्हिज्युअल बेसिक ६ यांत गावातल्याच एखाद्या प्रोग्रामरने खास त्या पेढीसाठी प्रोग्राम लिहून दिला. तोलाई, हमाली, अडत, उधारीची मुदत, कुणाला किती सूट, हप्ता थकल्यावर व्याज कसं लावायचं, हे सगळं त्यात उतरलं. अनेक पेढ्यांमध्ये हे नियम आज दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाहीत. म्हणून अशा प्रोग्रामला भंगार म्हणणं मला पटत नाही. धंद्याची वीस-पंचवीस वर्षांची समज त्यात साठलेली आहे.

मात्र ती समज गोठून चालत नाही. मेयर लेहमन या संगणकशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात सॉफ्टवेअरच्या वाढीचे काही नियम मांडले. त्यातला पहिला असा: प्रत्यक्ष व्यवहारात वापरला जाणारा प्रोग्राम सतत बदलत राहिला नाही, तर त्याचा उपयोग उत्तरोत्तर कमी होत जातो. आपल्याकडे याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं आणि बाजार समितीतल्या प्रत्येक गाळ्याच्या पट्टीचा हिशेब बदलला. ज्यांचा प्रोग्रामर फोन उचलत होता त्यांचं काम निभावलं. बाकीच्यांना पट्ट्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या.

दोन दुखणी जवळून

फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टकडे आलं १९९२ साली. २००७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की नवव्या आवृत्तीनंतर पुढची येणार नाही, आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला पाठिंबाही संपला. तरी फॉक्सप्रोवरचे प्रोग्राम आजही चालताना दिसतात. असा प्रोग्राम चालवणाऱ्याला दोन गोष्टी पाठ असतात. मध्येच लाइट गेली की इंडेक्स बिघडतो, खात्याची शिल्लक वेडीवाकडी दिसू लागते आणि सगळ्यांना बाहेर काढून ‘रीइंडेक्स’ मारावं लागतं. दुसरी गोष्ट फाइलच्या आकाराची. फॉक्सप्रोचं एक टेबल दोन गिगाबाइटच्या पलीकडे वाढत नाही. व्यवहारांची नोंद त्या मर्यादेला टेकली की जुनी वर्षं वेगळ्या फोल्डरात काढून ठेवतात. पाच वर्षांनी एखाद्या ग्राहकाशी वाद निघाला की तो फोल्डर कुठल्या संगणकावर होता, याची शोधाशोध सुरू होते.

दुसरं दुखणं खास आपल्या भाषेचं आहे. युनिकोड रुळण्याआधीचं मराठी ज्या त्या फॉन्टच्या सांकेतिक जागांवर साठवलं जाई. पुण्याच्या सी-डॅकने मराठी संगणकावर आणण्यासाठी मोठं काम केलं, १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय प्रमाणही ठरलं, पण बाजारात प्रत्येक फॉन्टने आपली वेगळी मांडणी चालवली. त्यातल्या अनेक मांडण्यांत अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवली जात. ‘शिर्के’ हे आडनाव घ्या. आधी ऱ्हस्व वेलांटी, मग श, मग क, मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये वेलांटी श नंतर येते आणि रफार क च्या आधी. त्यामुळे नुसता फॉन्ट बदलून भागत नाही, अक्षरांची जागाही हलवावी लागते. पतसंस्थेच्या सभासद यादीत हे रूपांतर घाईने उरकलं तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, नाव आधार कार्डाशी जुळत नाही आणि ठेवीदाराला आपलंच खातं आपलं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. रूपांतर झाल्यावर जुन्या प्रोग्रामातून काढलेली यादी हातात धरून प्रत्येक नाव तपासणं, याला पर्याय नाही.

कायद्याची रेटारेटी

जुन्या प्रोग्रामांना गेल्या दहा वर्षांत खरा धक्का दिला तो कायद्याने. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना इतर व्यापाऱ्यांना माल विकताना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, म्हणजे बिलाचा तपशील ठरावीक साच्यात सरकारी पोर्टलवर पाठवून क्रमांक आणि क्यूआर कोड परत घ्यायचा. इंटरनेट घरोघरी पोचण्याआधी लिहिलेल्या प्रोग्रामला हे कुठून जमणार? बहुतेकांनी मध्ये एक छोटी युटिलिटी बसवून वेळ मारून नेली. तो मार्ग तात्पुरता म्हणून चांगला आहे, कायमचा म्हणून नाही.

कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३पासून आणखी एक अट लागू आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. फॉक्सप्रोसारख्या जुन्या प्रोग्रामच्या डीबीएफ फाइलमधली रक्कम तर कुणीही बाहेरून उघडून बदलू शकतो. त्यात कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात. म्हणजे प्रोग्राम बंद केला तरी त्यातला डेटा वाचता येण्याची जबाबदारी सुटत नाही.

मोठ्यांची वेळापत्रकं

मोठ्या उद्योगांचीही यातून सुटका नाही. जर्मनीच्या एसएपी कंपनीने १९९२ साली आर/३ बाजारात आणलं. त्याच घराण्यातली ईसीसी ही प्रणाली आज जगभरच्या कारखान्यांचा कणा आहे. २०१५ मध्ये कंपनीने एस/४ हाना आणलं आणि ईसीसीचा पाठिंबा २०२५ला संपवायचं ठरवलं. ग्राहक हलेनात, तेव्हा २०२० मध्ये ही मुदत २०२७च्या अखेरपर्यंत वाढवली. जादा पैसे मोजणाऱ्यांना २०३०पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स जीपीचा, म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात जन्मलेल्या ग्रेट प्लेन्सचा, पाठिंबा २०२९च्या अखेरीस थांबणार असल्याचं काही वर्षं आधीच जाहीर झालं. पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत हजारो मराठी अभियंते अशाच प्रणालींची देखभाल आणि स्थलांतर करतात. या कामाला नव्या प्रॉडक्टचं वलय नसतं. तरी पगारापासून मालाच्या गाडीपर्यंत सगळं वेळेवर निघतं ते याच कामामुळे.

जुनं टिकवण्याचे चांगले नमुनेही आहेत. टॅलीने २०२०च्या अखेरीस टॅलीप्राइम आणलं, तेव्हा आधीच्या ईआरपी ९चा डेटा पुढे नेण्याची सोय ठेवली, त्यामुळे लाखो दुकानांत बदल गाजावाजा न होता झाला. ओपनव्हीएमएस ही १९७०च्या दशकातली संगणक प्रणाली. आपल्या रेल्वेचं आरक्षण वर्षानुवर्षं तिच्यावर चाललं. २०१३ मध्ये एचपीने तिचा शेवट जाहीर केला, पण दुसऱ्याच वर्षी व्हीएसआय या नव्या कंपनीने तिची जबाबदारी उचलली आणि २०२२ मध्ये ती आजच्या साध्या सर्व्हरवर चालवून दाखवली. वय झालं म्हणून प्रणाली आपोआप टाकाऊ ठरत नाही. तिला सांभाळणारी माणसं आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

घाईची किंमत

बदल टाळण्याइतकाच बदलाचा सपाटाही महागात पडतो. १९९९ साली अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या, त्याही जुलैमध्ये, हॅलोवीनच्या मागण्या येऊ लागतात त्याच सुमाराला. गोदामात माल होता, पण ऑर्डरी बाहेर पडेनात. सुमारे दहा कोटी डॉलरचा माल सणाला पोचला नाही आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. याच कंपनीने २००२ मध्ये पुढच्या आवृत्तीवर जाताना तयारी नीट केली आणि ते काम सुरळीत पार पडलं.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांना एका शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेलं. डेटा व्यवस्थित हलला होता. कोलमडली ती पुरेशी न तपासलेली नवी यंत्रणा. व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला चार कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. दोन्हीकडे धडा एकच: धंद्याचा हंगाम पाहूनच तारीख ठरवावी आणि सगळं एका फटक्यात बदलू नये.

टप्प्याटप्प्याने

मार्टिन फाउलर या लेखकाने २००४ मध्ये टप्प्याटप्प्याच्या बदलाला ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या एका झाडावरून नाव दिलं. ते आपल्या वड-पिंपळाच्याच कुळातलं. दुसऱ्या झाडावर बी रुजतं, मुळं खाली उतरतात आणि काही वर्षांनी मूळ झाडाच्या आधाराची गरज उरत नाही. सॉफ्टवेअरही असंच बदलावं. आधी बिलिंग नवीन, मग स्टॉक, मग खतावणी, आणि प्रत्येक टप्प्याला निदान एक महिनाअखेर जुनं-नवं समांतर चालवून तेरीज ताडून पाहायची. समांतर चालवताना कारकुनाला दुप्पट काम पडतं. तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा, त्याच्या माथी मारू नये.

त्याआधीही काही कामं याच आठवड्यात करता येतील. प्रोग्रामचा सोर्स कोड कुणाकडे आहे ते शोधा; कराराने तो आपल्याला मिळेल का, हे लेखी करून घ्या. मूळ प्रोग्रामर हयात आणि धडधाकट आहे तोवर त्याला मान आणि मोबदला देऊन समोर बसवा आणि नियम एकेक करून वहीत उतरवून घ्या. डेटा एक्सेलमध्ये किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर निघतो का, ते पाहा. बॅकअप नुसता घेऊ नका, दुसऱ्या संगणकावर तो उघडूनही बघा. जुनं विंडोज ठेवणं भागच असेल तर तो संगणक इंटरनेटपासून तोडा किंवा त्याची प्रणाली व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवा. आणि सर्वांत महत्त्वाचं, हा प्रोग्राम कधी निवृत्त करायचा याची तारीख स्वतः ठरवा, ती मार्च एंडिंग आणि दिवाळीच्या हंगामापासून दूर ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. सॉफ्टवेअर जुनं असण्यात कमीपणा नाही; त्याची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असणं हा धोका आहे. ती माहिती कागदावर आणि डेटा आपल्या ताब्यात असेल, तर दहा वर्षं जुना प्रोग्रामही निर्धास्त चालवावा. तसं नसेल, तर कालच घेतलेलं सॉफ्टवेअरही तितकंच अडचणीचं आहे. या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा सोर्स कोड, डेटा आणि ठरलेली तारीख या तिन्हींची नोंद नव्या वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवा.