वीजनळी कोणत्या हत्यारानें कापावी?

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेंत प्लॅस्टिकची वीजनळी गंजत नाहीं. ती कात्रीसारख्या कटरनें सहज कापते. पोलादी नळीचें तसें नाहीं. तिचा पत्रा पातळ. म्हणून हॅकसॉला इंचास 32 दातांचें पातें लावावें. मोठे दात अशा पत्र्यांत अडकून तुटतात. चाकाचा पाइप-कटर काम झटपट उरकतो खरा, परंतु धातु आंत दाबून धारदार कड उभी करितो. ती रीमरनें किंवा कानशीनें घासलीच पाहिजे. नाहींतर ओढतांना तारेचें वेष्टण सोलून निघतें, नळींत वीज उतरते आणि तिची जमिनीशीं जोडणी सुटलेली असल्यास हात लावणारास प्राणघातक धक्का बसूं शकतो. घाईंतला कारागीर हें टाळतो. नळी भिंतींत गेली, कीं पाहणार कोण? जस्तलेपित नळीच्या कापलेल्या टोकास जस्ताचा रंगही द्यावा. समुद्राकांठीं गंज प्रथम तेथेंच धरतो.